चौघांच्या लघवीत सापडले, दोघांच्या नाही : सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होनांचे एक प्रकरण

१९८४ साली केनेथ सेचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन' या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा निरोगी प्रौढांच्या आहारात काही दिवस टेक्स्चर्ड सोया, म्हणजे आपल्याकडे वाण्याच्या दुकानात सोया वडी म्हणून मिळणारा पदार्थ, घालण्यात आला आणि त्यांची चोवीस तासांची लघवी गोळा करून तपासण्यात आली. शोध चालू होता तो इक्वॉल नावाच्या एका संयुगाचा. सहापैकी चौघांच्या लघवीत इक्वॉलचे प्रमाण प्रचंड वाढले आणि ही वाढ हजारपटीपर्यंत पोहोचली. उरलेल्या दोघांनी तोच पदार्थ खाल्ला होता, तरी त्यांच्या लघवीत नाव घेण्याजोगे इक्वॉल आले नाही.

सहा माणसांवरून आरोग्याचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, हे खरेच. परंतु सोयाबीन खाल्ल्यावर शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्या चार आणि दोन या विभागणीने जितका नेमका मांडला तितका तो त्यापूर्वी मांडला गेला नव्हता, असे माझे मत आहे. म्हणूनच सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन नावाच्या वनस्पतिजन्य संयुगांच्या शोषणाचा आणि चयापचयाचा विचार येथे या एकाच प्रकरणाच्या आधाराने केला आहे. ताट एक होते, पदार्थ एक होता, शिजवण्याची रीतही एक होती. मग दोघांच्या शरीरात वाट कोठे वळली?

घोडीचे मूत्र आणि क्लोव्हरचे कुरण

इक्वॉल हे नाव सोयाबीनवरून आलेले नाही. १९३२ साली लंडनमध्ये गाय मॅरियन आणि जेफ्री हॅसलवुड हे गाभण घोड्यांच्या मूत्रातून स्त्री-संप्रेरके वेगळी करत असताना त्यांना एक अनोळखी संयुग सापडले, आणि घोड्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्याला इक्वॉल म्हटले. आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी त्याचा उल्लेख 'निष्क्रिय' असा केला होता. त्या काळातील चाचण्यांत त्याचा काही प्रभाव दिसला नाही आणि पुढे काही वर्षे ते ग्रंथालयांतच पडून राहिले.

त्याच्याकडे पुन्हा लक्ष वळवले ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांनी. तेथील नैर्ऋत्य भागातील मेंढपाळांनी हलक्या, कस नसलेल्या जमिनींवर सुपर फॉस्फेट टाकून सबटेरेनियन क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले होते. हे पीक आपल्या बरसीमच्याच कुळातले. भुईमुगाप्रमाणे ते आपली बोंडे जमिनीत खुपसते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. कुरणे हिरवीगार झाली, मेंढ्या अंगाने भरल्या, आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कळपांतून विचित्र तक्रारी येऊ लागल्या. मेंढ्या गाभण राहण्याचे प्रमाण हंगामागणिक घसरू लागले. ज्या गाभण राहिल्या त्या वेताला अडू लागल्या, त्यांतल्या अनेकींचे अंग बाहेर येऊ लागले आणि कोकरे दगावू लागली. खच्ची केलेल्या नरांच्या सडांतून दूध येऊ लागले, तर काही नर लघवी तुंबून मेले. एच. डब्ल्यू. बेनेट्स, ई. जे. अंडरवुड आणि एफ. एल. शिअर यांनी १९४६ साली या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मेंढ्यांच्या गर्भाशयाच्या आतील आवरणात पाण्याच्या गाठी झालेल्या आढळल्या. बाहेरून कोणीतरी दीर्घकाळ इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक टोचत राहावे तशी या जनावरांची स्थिती झाली होती, आणि ते टोचणारे दुसरे कोणी नसून चारा होता.

या प्रकरणाचा पुढचा तपास सोयाबीन समजून घेण्यासाठी अत्यंत मोलाचा आहे, म्हणून त्याच्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. १९५१ साली ब्रॅडबरी आणि व्हाइट यांनी या क्लोव्हरमधून जेनिस्टीन आणि फॉर्मोनोनेटीन ही दोन आयसोफ्लेव्होने वेगळी केली. उंदरांवरील चाचणीत जेनिस्टीन इस्ट्रोजेनासारखे काम करताना दिसले, म्हणून स्वाभाविकपणे संशय त्याच्यावर गेला. फॉर्मोनोनेटीन स्वतः जवळजवळ निष्प्रभ होते. परंतु मेंढी रवंथ करणारे जनावर आहे. तिचा चारा रक्तात उतरण्यापूर्वी कोटीपोटात सूक्ष्मजीवांच्या हाती लागतो. तेथील सूक्ष्मजीव या चाऱ्याला काही दिवसांत सरावतात आणि जेनिस्टीनचे तुकडे करून त्यापासून पॅरा-एथिलफिनॉल बनवतात, ज्यात इस्ट्रोजेनाचा कोणताही गुण नसतो. फॉर्मोनोनेटीनच्या बाबतीत नेमके उलटे घडते. सूक्ष्मजीव त्याचा एक मिथाइल गट काढून त्याचे डेडझीन करतात, डेडझीनचे इक्वॉल करतात, आणि हे इक्वॉल मेंढीच्या रक्तात साठत जाते. १९६८ साली शट आणि ब्रेडन यांनी हा दुवा स्पष्ट केला. प्रयोगशाळेत प्रबळ दिसणारे संयुग पोटात निकामी झाले, आणि निष्प्रभ दिसणाऱ्या संयुगातून कळप वांझ करणारा पदार्थ तयार झाला. त्यानंतर वाण निवडताना पानांतील फॉर्मोनोनेटीनचे प्रमाण पाहिले जाऊ लागले, आणि ड्वालगॅनप, यार्लूप, डिनिनप यांसारख्या जुन्या, जास्त फॉर्मोनोनेटीन असलेल्या वाणांच्या जागी कमी प्रमाण असलेले वाण आले.

१९८२ साली ॲक्सेलसन, सेचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या लघवीत हेच इक्वॉल आढळले. माणूस क्लोव्हर खात नाही. मग डेडझीन असलेले दुसरे कोणते अन्न माणसाच्या ताटात आहे, हा शोध घेताना बोट सोयाबीनकडे वळले, आणि त्यातूनच सुरुवातीला सांगितलेली सहा जणांची तपासणी झाली.

वडी भिजते तेव्हा

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन ही तीन प्रमुख आयसोफ्लेव्होने आहेत. दाण्यात ती मोकळी नसतात. प्रत्येकाला साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा एक रेणू जोडलेला असतो आणि बऱ्याचदा त्या साखरेवर मॅलोनिल नावाचा आणखी एक गट बसलेला असतो. साखर जोडलेल्या रूपाला ग्लुकोसाइड म्हणतात. साखरेमुळे ही संयुगे पाण्यात विरघळण्यास सोपी जातात आणि तेलात जवळजवळ उतरत नाहीत. म्हणून सोयाबीन तेलात आयसोफ्लेव्होने नसल्यातच जमा असतात, आणि लातूर किंवा विदर्भातील कारखान्यांत सॉल्व्हंटने तेल काढून घेतल्यावर जी पेंड उरते तिच्यात ती जवळपास सगळी शिल्लक राहतात. या तेलविरहित पिठापासूनच वडी बनते. मात्र प्रथिनांचे प्रमाण वाढवण्यासाठी तेच पीठ अल्कोहोलने धुतले तर आयसोफ्लेव्होनांचा बहुतेक भाग धुऊन जातो. दोन डब्यांवर 'सोया प्रथिन' हे एकच शब्द छापलेले असले, तरी एकात ही संयुगे भरपूर आणि दुसऱ्यात नगण्य असू शकतात, ते या एका पायरीमुळे.

घरातही हेच घडते. वडी उकळत्या पाण्यात टाकली की ती दुप्पट-तिप्पट फुगते, पाण्यावर पिवळसर फेस येतो आणि कच्चट वास जावा म्हणून आपण ती दोन्ही तळहातांत दाबून पिळतो. त्या पिळलेल्या गढूळ पाण्याबरोबर ग्लुकोसाइडांचा काही भाग मोरीत जातो. किती जातो हे पाणी किती घेतले आणि किती वेळा पिळले यावर अवलंबून आहे. परंतु टोफू, म्हणजे सोया दुधाचे पनीर, आणि टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, यांच्या प्रक्रियेत हे मोजले गेले आहे. टोफू बनवताना दूध फाडून पाणी वेगळे करतात त्या टप्प्यावर सुमारे ४४ टक्के आयसोफ्लेव्होने निघून जातात, आणि टेंपेसाठी दाणे शिजवताना सुमारे निम्मी. गिरणीतून गव्हात मिसळून दळून आणलेल्या सोयाबीनच्या बाबतीत पाणी फेकण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे त्या पोळीतून ती अधिक प्रमाणात पोटात जातात.

उष्णतेने या संयुगांचा मूळ सांगाडा सहजासहजी मोडत नाही. फक्त बाहेरचे गट बदलतात. ओल्या उष्णतेत मॅलोनिल गट गळून साधे ग्लुकोसाइड उरते, कोरड्या भाजण्यात त्याचे ॲसिटिल रूप होते. आंबवण्याचा परिणाम वेगळा आहे. मिसो, नाट्टो, टेंपे यांत बुरशी किंवा जिवाणू साखरच तोडून टाकतात आणि मोकळे आयसोफ्लेव्होन, म्हणजे ॲग्लायकोन, अन्नातच तयार होते. आपल्या स्वयंपाकघरात सोयाबीन सहसा आंबवले जात नाही, त्यामुळे आपल्या पोटात पोहोचते ते बहुतांशी साखर जोडलेलेच रूप.

साखर तुटल्याशिवाय वाट नाही

साखरेसह हा रेणू आतड्याच्या भिंतीतून पार होण्यास मोठा आणि पाण्याला फार लोभी आहे. २००२ साली सेचेल यांच्याच गटाने माणसांना शुद्ध ग्लुकोसाइड देऊन रक्त तपासले, तेव्हा ग्लुकोसाइड जसेच्या तसे रक्तात आढळले नाही. याचा अर्थ शोषणापूर्वी साखर तुटलीच पाहिजे. हे काम सुरू होते लहान आतड्यात, आणि ते करणारे एक प्रमुख विकर म्हणजे लॅक्टेज, जे दुधातील साखर फोडते तेच. एरवी आपण लॅक्टेजचा विचार दूध पचण्या-न पचण्यापुरताच करतो. आतड्याच्या अस्तरावरचे हे विकर सोयाबीनच्या दाण्यातील संयुगांची साखरही तोडते, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. जी ग्लुकोसाइडे येथून निसटतात ती मोठ्या आतड्यात जातात आणि तेथील जिवाणू उरलेले काम पूर्ण करतात.

सोयाचे जेवण झाल्यावर दर तासाला रक्त तपासले तर शोषणाची ही दोन ठिकाणे आलेखावर उमटलेली दिसतात. पहिल्या एक-दोन तासांत पातळी थोडी चढते, आणि खरा उच्चांक साधारण चार ते आठ तासांनी, काही वेळा त्याहूनही उशिरा येतो. साखर आधीच तुटलेल्या, आंबवलेल्या पदार्थांत शोषण लवकर सुरू होते. परंतु लवकर म्हणजे जास्त, असे सरसकट म्हणता येत नाही. एका जपानी अभ्यासात मोकळ्या रूपाचे शोषण अधिक आढळले, तर इतर अभ्यासांत एकूण प्रमाणात मोठा फरक दिसला नाही. जाहिरातींत हा मुद्दा जितका ठामपणे मांडला जातो तितका ठामपणा मोजमापांत नाही.

आतड्याच्या भिंतीतील पेशींत शिरताक्षणी या रेणूची दुसरी परीक्षा सुरू होते. शरीर त्याला परका पदार्थ म्हणून ओळखते आणि त्याच्यावर ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट चिकटवते. हे काम आधी आतड्याच्या पेशींत आणि नंतर प्रवेशिका शिरेतून यकृतात पोहोचल्यावर यकृताच्या पेशींत होते. परिणामी रक्तात फिरणाऱ्या आयसोफ्लेव्होनांपैकी बहुतेक सगळी ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट यांच्या रूपात असतात, आणि मोकळ्या रूपाचा वाटा काही टक्क्यांपुरताच राहतो. जेनिस्टीन इस्ट्रोजेनाच्या ग्राहीला, म्हणजे पेशीतील ज्या प्रथिनाला इस्ट्रोजेन चिकटते त्याला, आणि विशेषतः बीटा या प्रकाराच्या ग्राहीला चिकटते, असे परीक्षानळीतील प्रयोग सांगतात; पण ते मोकळ्या जेनिस्टीनबद्दल सांगतात. शरीरात त्या ग्राहीपर्यंत पोहोचणारे मोकळे जेनिस्टीन ताटातल्या जेनिस्टीनच्या मानाने फारच थोडे असते, आणि हा फरक लक्षात न घेता परीक्षानळीतून थेट स्वयंपाकघरात उडी मारणारे लेखन वाचकांची दिशाभूल करते.

बाहेर जाण्याचे मार्ग दोन आहेत. पाण्यात विरघळणारी ही जोडरूपे मूत्रपिंडातून लघवीत उतरतात. खाल्लेल्या डेडझीनपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग असा परत मोजता येतो, जेनिस्टीनचा त्याहून बराच कमी. मात्र लघवीत कमी म्हणून रक्तात कमी, असे समीकरण मांडता येत नाही, कारण रक्तात जेनिस्टीनची पातळी बहुधा डेडझीनपेक्षा जास्तच आढळते. दुसरा मार्ग पित्ताचा आहे. यकृत काही भाग पित्तातून पुन्हा आतड्यात सोडते, तेथे जिवाणू ग्लुकुरोनिक आम्ल काढून टाकतात, आणि मोकळा झालेला रेणू पुन्हा शोषला जातो. या फेऱ्यामुळे आयसोफ्लेव्होने एका जेवणानंतर लगेच नाहीशी होत नाहीत. रक्तातील त्यांचा अर्धायुकाल, म्हणजे पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ, साधारण ७ ते १० तासांचा आहे. म्हणून एकाच वेळी भरपूर खाण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे खाल्ल्याने पातळी अधिक स्थिर राहते. मात्रा वाढवत नेली तर शोषणाचा टक्का घटत जातो, असेही दिसून आले आहे.

येथपर्यंतच्या प्रवासात सहाही जण जवळजवळ सारखे होते. लॅक्टेज कमी-जास्त असेल, आतड्याचा वेग वेगळा असेल, पण साखर तुटणे, जोडरूप होणे, लघवीतून जाणे हे सर्वांच्या शरीरात घडले. चौघे आणि दोघे वेगळे झाले ते यानंतर, मोठ्या आतड्यात.

डेडझीनच्या दोन वाटा

मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथे पोहोचलेल्या डेडझीनवर जिवाणू हायड्रोजन चढवत जातात. आधी डायहायड्रोडेडझीन, मग टेट्राहायड्रोडेडझीन आणि शेवटी इक्वॉल, अशा पायऱ्या आहेत. हे काम करणाऱ्या जिवाणूंपैकी काही आता नावानिशी ओळखले जातात. त्यांतील एकाचे नाव ॲडलरक्रूट्झिया इक्वॉलिफेशियन्स असे असून, ते या क्षेत्रातील फिन्निश संशोधक हर्मन ॲडलरक्रूट्झ यांच्या सन्मानार्थ २००८ साली देण्यात आले. दुसरा स्लॅकिया आयसोफ्लेव्होनिकन्व्हर्टन्स. दुसऱ्या वाटेने डेडझीनचे मधले कडे तुटते आणि ओ-डेस्मिथिलअँगोलेन्सिन नावाचे संयुग तयार होते. ही दुसरी वाट बहुसंख्य माणसांच्या आतड्यात, सुमारे ८० ते ९० टक्क्यांच्या, उपलब्ध असते. इक्वॉलची वाट मात्र पाश्चात्त्य देशांतील प्रौढांपैकी साधारण २५ ते ३० टक्क्यांत, आणि जपान, कोरिया, चीन येथील प्रौढांपैकी साधारण ५० ते ६० टक्क्यांत आढळते. त्या सहा जणांत ती चौघांकडे निघाली हा लहान नमुन्याचा योगायोग होता.

पण हा फरक खरोखर जिवाणूंचाच आहे, त्या माणसांच्या यकृताचा किंवा जनुकांचा नाही, हे कसे सिद्ध करायचे? या प्रश्नाचे मला सर्वांत समाधानकारक वाटलेले उत्तर बोवी, ॲडलरक्रूट्झ आणि रोलंड यांनी २००३ साली दिले. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या, म्हणजे आतड्यात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांना त्यांनी सोया खाऊ घातले. लघवीत इक्वॉल आले नाही. मग काही उंदरांच्या आतड्यात इक्वॉल तयार करणाऱ्या माणसाचे जिवाणू सोडले आणि काहींच्या आतड्यात इक्वॉल तयार न करणाऱ्या माणसाचे. पहिल्या गटातील उंदीर इक्वॉल तयार करू लागले, दुसऱ्या गटातील करू शकले नाहीत. चौघांची आणि दोघांची विभागणी विष्ठेतील जिवाणूंबरोबर एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात हलवता आली.

लहान बाळांकडे पाहिले तरी हेच दिसते. सोया प्रथिनावर आधारलेल्या डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या चार महिन्यांच्या बाळांच्या रक्तात आयसोफ्लेव्होनांची पातळी त्यांच्या स्वतःच्या इस्ट्रॅडिऑलच्या, म्हणजे शरीरात बनणाऱ्या मुख्य इस्ट्रोजेनाच्या, १३,००० ते २२,००० पट असते, असे १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये नोंदले गेले. वजनाच्या मानाने इतका मोठा वाटा पोटात जात असूनही त्यांच्यात इक्वॉल जवळजवळ बनत नाही, कारण ते बनवणारे जिवाणू त्या वयात अजून वस्तीला आलेले नसतात.

इक्वॉल झाल्याने काय बदलते, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. डेडझीनमध्ये नसलेले एक असममित कार्बन केंद्र इक्वॉलमध्ये तयार होते, त्यामुळे उजव्या-डाव्या हातासारखी त्याची दोन रूपे संभवतात. माणसाच्या आतड्यातील जिवाणू त्यांपैकी फक्त एस हे रूप बनवतात आणि तेच इस्ट्रोजेनाच्या बीटा ग्राहीला अधिक चांगले बसते. शिवाय रक्तातील प्रथिनांना चिकटून न राहता मोकळे राहणाऱ्या इक्वॉलचा वाटा सुमारे निम्मा असतो, डेडझीन आणि स्वतः इस्ट्रॅडिऑल यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. १९३२ साली निष्क्रिय ठरवलेला पदार्थ आपल्या जननीपेक्षा अधिक सक्रिय निघाला.

मेंढी आणि माणूस यांमधील अंतर

क्लोव्हरचे प्रकरण वाचल्यावर पुरुषांनी सोया वडी खावी का, ही शंका मनात येणे साहजिक आहे, आणि ती झटकून टाकण्यापेक्षा हिशेबाने सोडवणे मला योग्य वाटते. एका मेंढीने दिवसाला १ किलो कोरडा चारा खाल्ला आणि त्यात १ टक्का फॉर्मोनोनेटीन आहे असे धरले, तर तिच्या पोटात रोज १० ग्रॅम आयसोफ्लेव्होन जाते. पिढ्यान्‌पिढ्या सोया खाणाऱ्या जपानी माणसाच्या आहारात दिवसाला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे सुमारे दोनशे ते चारशे पट कमी. मेंढीचे वजन माणसापेक्षा फार वेगळे नसल्याने हे अंतर तसेच कायम राहते. त्यातच मेंढीचे कोटीपोट शोषणाच्या आधी येते आणि प्रत्येक मेंढी इक्वॉल बनवते. माणसाचे मोठे आतडे शोषणाच्या मुख्य जागेनंतर येते आणि तेथे अनेकांत ही क्रिया होतच नाही. पुरुषांमधील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत सोयाच्या नेहमीच्या प्रमाणाने टेस्टोस्टेरोनमध्ये बदल आढळलेला नाही. २००८ साली अमेरिकेत साठ वर्षांच्या एका पुरुषाच्या छातीत सूज आल्याची नोंद झाली होती, ती सोया दूध थांबवल्यावर ओसरली. पण तो गृहस्थ दिवसाला जवळजवळ ३ लिटर सोया दूध पीत होता.

सरासरीत हरवलेले दोघे

१९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिन हृदयविकाराचा धोका कमी करू शकते, असे वेष्टनावर लिहिण्यास परवानगी दिली. २००६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्लागार मंडळाने पुरावे तपासून परिणाम फारच थोडा असल्याचे म्हटले, आणि २०१७ साली त्याच प्रशासनाने ती परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. या उलटसुलटीला कारणे अनेक आहेत. त्यांतील एक मात्र या प्रकरणातून सरळ दिसते: अनेक चाचण्यांत इक्वॉल बनवणारे आणि न बनवणारे एकाच गटात मोजले गेले. एखाद्या औषधाच्या चाचणीत निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात औषधाचे सक्रिय रूप तयारच होत नसेल, तर आपण त्या चाचणीची सरासरी कशी वाचू? इक्वॉल बनणाऱ्यांनाच सोयाचा लाभ होतो, असा नियम अद्याप सिद्ध झालेला नाही आणि तसे मी म्हणतही नाही. परंतु गट वेगळे न करता केलेली मोजणी तो सिद्धही करू शकत नाही आणि खोडूनही काढू शकत नाही.

गट वेगळे करणे अवघड नाही. सेचेल आणि कोल यांनी २००६ साली सुचवलेली पद्धत अशी की, व्यक्तीने सलग तीन दिवस सोया दूध प्यावे किंवा भाजलेले सोयाबीन खावे आणि चौथ्या दिवशी लघवीचा नमुना द्यावा. त्यातील इक्वॉल आणि डेडझीन यांच्या गुणोत्तराचा दहाच्या पायावरील लॉगॅरिदम उणे १.७५ पेक्षा जास्त आला, तर ती व्यक्ती इक्वॉल बनवणारी समजावी. केवळ इक्वॉल न मोजता गुणोत्तर घेतल्यामुळे कोणी कमी खाल्ले, कोणाची लघवी पातळ होती, हे फरक आपोआप वगळले जातात. अलीकडे प्रतिजैविके घेतलेल्यांची तपासणी पुढे ढकलावी लागते, कारण औषधाने जिवाणूंची वस्तीच विस्कळीत झालेली असते.

उत्तर 'नाही' आले तर सोया अधिक खाऊन ते 'हो' करता येईल का, असे लोक विचारतात. बहुतेकांच्या बाबतीत ही स्थिती वर्षानुवर्षे टिकते, आणि इक्वॉल न बनवणाऱ्यांना महिनाभर सोया खाऊ घालूनही ती सहसा बदलत नाही. जपानमध्ये दुसरा मार्ग निवडला गेला. लॅक्टोकोकस गार्विए या जिवाणूकडून सोयाबीनच्या दाण्यातील अंकुर आंबवून एस-इक्वॉल आधीच तयार करायचे आणि ते गोळीतून द्यायचे. रजोनिवृत्तीच्या वयातील, इक्वॉल न बनवणाऱ्या स्त्रियांना दिवसाला १० मिलिग्रॅम देऊन केलेल्या तेथील चाचणीत अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास कमी झाला. आतड्यात जी पायरी नाही ती कारखान्यातल्या टाकीत पूर्ण केली गेली.

१९८४ च्या त्या दोघांनीही वडीतील संयुगे शोषली होती. साखर तुटली होती, यकृताने आपले गट चिकटवले होते, आणि पित्तातून होणारा फेराही इतरांसारखाच झाला असणार. त्यांच्या लघवीच्या बाटलीत डेडझीन होते, जेनिस्टीन होते, आणि बहुधा ओ-डेस्मिथिलअँगोलेन्सिनही होते, ज्याचा अभ्यास इक्वॉलच्या मानाने आजही फार थोडा झाला आहे.